त्रेचाळीस नंबरचे बूट

"ज्यांना घालायचेत त्यांनाच घेऊन यायचं ना, काकू," दुकानातली दोरिना म्हणाली. "पाय बघितल्याशिवाय पळायचे बूट देत नाही आम्ही."

"त्याला आणता आलं असतं तर मी कशाला आले असते?" सावेता म्हणाली. "येत्या शनिवारी वर्ष होईल त्याला जाऊन."

दोरिना इथलीच मुलगी. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. तिने आवाज खाली आणला आणि विचारलं, "दान द्यायचंय होय? मग घालणार कोण?"

सावेताने दाराकडे बोट केलं. दाराशी तोआदेर उभा होता, परक्याच्या लग्नात चुकून शिरल्यासारखा. तो निवृत्त बसचालक आणि सावेताच्या नवऱ्याचा, इलारियेचा, जिवाचा दोस्त. दोघं रोज पहाटे नदीकाठच्या रस्त्याने पळायला जायचे. इलारिये गेला त्या दिवसापासून तोआदेरने पळणं सोडलं होतं.

गेलेल्याच्या वर्षश्राद्धाला एका जिवंत माणसाला डोक्यापासून पायापर्यंत नवं नेसवायचं. तो इथे जे घालील, ते गेलेल्याला तिथे मिळतं. याबद्दल रोमानियातल्या या वात्रा दोर्नेई गावात कुणी वाद घालत नाही, पाद्रीसुद्धा नाही. चाळिसाव्या दिवसाच्या दानात सावेताने नणंदेचं ऐकून तोआदेरला काळे चामडी बूट दिले होते. "चारचौघांत शोभायला नकोत का?" असं नणंद म्हणाली होती. आता तिथे कोण चारचौघं बसलेत, हे तिला विचारायचं सावेताला तेव्हा सुचलं नाही. पुढे महिनाभरात इलारिये तिच्या स्वप्नात आला. रस्त्याकडेच्या दगडावर बसलेला, चामडी बूट हातात, पाय उघडे. तो काही बोलला नाही. बोलला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तरी तिला बरं वाटलं असतं. त्याचा आवाज ऐकायला ती आसुसली होती.

"रोजच्या तालमीचे दाखवू की शर्यतीचे?" दोरिनाने विचारलं.

"शर्यतीचे," सावेता म्हणाली.

"तालमीचे," त्याच क्षणी दारातून तोआदेर म्हणाला आणि पुढे आला. "वहिनी, ऐका माझं. माणूस पळतो रोज. शर्यत वर्षातून एकदा. जाड तळव्याचे घ्या, टिकतील तरी."

"त्याला आता कुठल्या झिजण्याची काळजी आहे, भाऊजी?"

"अहो, पण तिथं शर्यत लावतंय कोण?"

"तिथं दुसरा उद्योग तरी काय आहे?" सावेता म्हणाली, आणि दोरिनाला हसू आवरेना.

एकच जोड द्यायचा असतो. नाहीतर सावेताने हातातल्या बांगड्या मोडून दोन्ही घेतले असते. इलारिये इस्पितळाच्या बॉयलरवर कामाला होता. त्याच्याजवळ पळण्याचा कायम एकच जोड असायचा. तोच पहाटेला, तोच शर्यतीला. दर शरद ऋतूत घाटरस्त्याची शर्यत व्हायची आणि इलारिये दरवर्षी मधल्या गर्दीत कुठेतरी यायचा. पण बाजारात गेलं की या दुकानाच्या काचेपुढे तो थांबलाच. शर्यतीचे बूट निराळे, गं, म्हणायचा. हातात घेतले तर रिकाम्या खोक्याएवढे. वर्षभर जड बुटांत पाय मारायचे आणि त्या एका दिवशी हे चढवायचे, मग पाय आपणहून उचलला जातो म्हणतात. "तू काय पहिला येणारेस?" सावेता म्हणायची आणि त्याच्या दंडाला धरून पुढे ओढायची. तो हसायचा आणि निमूट चालू लागायचा.

दोरिनाने खोका उघडला. पांढरे, पातळ, टाचेशी जेमतेम आधार असलेले बूट. सावेताने एक तळहातावर घेतला आणि किती तरी वेळ तसाच धरून ठेवला.

"नंबर?" दोरिनाने विचारलं.

"त्रेचाळीस."

तोआदेर बाकावर बसला. त्याने बूट चढवले, दोरिनाने नाड्या आवळल्या आणि अंगठ्याने पुढचं टोक दाबून बघितलं. "मोठे होतात हो यांना. यांचा बेचाळीस असणार. तालमीचे असते तर जाड मोज्यांवर भागलं असतं. शर्यतीच्या बुटात पाय जरासुद्धा हलायला नको. उतारावर बोटं पुढं जाऊन आपटतात, नखं काळीनिळी होतात."

"मग बेचाळीस द्या," तोआदेर म्हणाला.

"बेचाळीस त्याला होणार नाहीत," सावेता म्हणाली. "चामडी दिले तेही तुमच्याच मापाचे दिले, भाऊजी. मला कुठं कळत होतं? आणि बघितलंत ना काय झालं ते. वर्षभर अनवाणी बसलाय तो. आता पुन्हा चावणारे देऊ?"

ज्याला द्यायचे त्याच्या मापाचे, की ज्याला पोचायचे त्याच्या मापाचे, हे दोरिनाला कुठल्या कंपनीने शिकवलं नव्हतं. तिने तोआदेरकडे पाहिलं.

"थांबा, पळून बघतो," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

सावेता काचेशी जाऊन उभी राहिली. तोआदेर पदपथावरून कोपऱ्यापर्यंत गेला. वर्षभर न पळलेला माणूस, पहिली चार पावलं अवघडलेली. मग अंग सैल झालं. उजवा खांदा किंचित पुढे काढून पळायची इलारियेची खोड होती. शेजारी पळून पळून ती याच्याही अंगात मुरली होती, हे तिने आजवर कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कुठून, पहाटे ती अंथरुणात असायची. कोपऱ्याशी पोचेपर्यंतची ती पाठमोरी आकृती तिने डोळे भरून पाहून घेतली. तिथून तो वळला, आणि चेहरा तोआदेरचाच निघाला.

तो आत आला. घाम पुसत म्हणाला, "बसतात."

दोरिनाने तोंड उघडलं. तोआदेरने तिच्याकडे एकदाच पाहिलं. तिने बूट खोक्यात ठेवले आणि झाकण लावलं.

शनिवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या अंगणात सावेताने पेटती मेणबत्ती खोचलेला पाव आणि त्यासोबत सगळा पोशाख तोआदेरच्या हातात दिला. वरती बुटांचा खोका. "इलारियेच्या नावाने," ती म्हणाली. "त्याला पोचो," तोआदेर म्हणाला. नणंदेने खोक्याकडे पाहून नाक मुरडलं आणि शेजारणीला म्हणाली, "आता देवदूतांशी शर्यत लावणार वाटतं आमचा भाऊ." सावेताने तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

"कपाटात ठेवू नका हं, भाऊजी," तिने हळूच बजावलं. "कपाटातलं पोचत नाही. घाटाची शर्यत आहे पुढं."

"ठाऊक आहे, वहिनी."

दुसऱ्या दिवसापासून तोआदेर जुने तालमीचे बूट घालून नदीकाठी दिसायला लागला. आधी चालत, मग दुडक्या चालीने, मग पळत. बायको त्याला म्हणाली, या वयात कुणाच्या नादाला लागलाय. त्याने तिला सांगितलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सावेता गेली नाही. गर्दीत इलारिये नसलेला बघायची तिची हिंमत झाली नाही. दिवसभर तिने घर झाडलं, पुन्हा झाडलं. दुपार कलली तेव्हा फाटक वाजलं. तोआदेर आला होता, छातीवर नंबराचं कापड तसंच, पांढरे बूट धुळीने माखलेले. अंगणातल्या बाकापर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला.

"बसा, पाणी आणते," ती म्हणाली आणि मीठ घातलेल्या कोमट पाण्याची परात घेऊन आली.

तिच्यापुढे बूट काढायला तो तयार नव्हता. तिने वाकून नाड्या सोडल्या. आत मोज्यांचे दोन जोड होते, एकावर एक. वरचा काढला, खालचा बोटांशी लाल झाला होता आणि चिकटला होता. सावेताने तो पाण्यात भिजवून अलगद सोडवला. मग ती त्याचे पाय परातीत ठेवून समोरच्या पायरीवर बसली.

"कसे होते?" तिने विचारलं.

तोआदेरने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या पायांकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती. कान देऊन.

"हलके होते, वहिनी," तो म्हणाला. "पायात काही आहे असं वाटतच नव्हतं."

"चढावर?"

"चढावर तर बघायलाच नको. आपणहून उचलत होते."

"आणि उतारावर? बोटांना लागलं नाही ना कुठं?"

"नाही," तोआदेर म्हणाला. "बरोबर बसले होते. अगदी मापात."

सावेताने पदराने तोंड पुसावं तसं ॲप्रनने तोंड पुसलं. परातीतलं पाणी गुलाबी होत चाललं होतं. ती उठली, आतून आणखी कोमट पाणी आणलं, जुनं ओतून नवं घातलं आणि पुन्हा पायरीवर येऊन बसली.

"सुरुवातीपासून सांगा," ती म्हणाली. "सगळे रेषेवर उभे राहिले तिथपासून. काही गाळू नका."

तोआदेरने पाय पाण्यात आणखी आत सरकवले आणि सांगायला सुरुवात केली.