सगुणेचं रडणं

सगळं गाव सगुणेचं कौतुक करत होतं आणि मला नुसती चीड येत होती. पेपरात म्हणे छापून आलं, सिनेमा बेताचाच हाय, पण मेलेल्या पोराच्या आईचं काम बघायला तरी जा. काम कसलं डोंबलाचं!

मी रंभा, सगुणेची धाकटी जाऊ. दोघींची हयात धरमतरच्या मिठागरात गेली. तिचा एकुलता एक जनू बार्जवर कामाला होता. उधाणाच्या दिवशी खाडीत पडला तो वर आलाच नाय. पार रेवसपर्यंत होड्या घातल्या, पण प्रेत काय गावलं नाय. आमच्याकडं पाण्यात गेलेल्याचं प्रेत मिळाल्याशिवाय त्याचं नाव घेऊन रडत नायत. रडलं की त्याची घरची वाट बंद होते म्हणतात. नायच मिळालं, तर गवताचा पुतळा करून जाळायचा आणि मग रडायचं. सगुणा पुतळा करू देईना. "येल तो. पोहणारा हाय," एवढंच म्हणायची. मी तोंडाची फटकळ. म्हणायची, "बाय, पोरगा गेला तुझा. रडून मोकळी हो." मग ती माझ्याशी बोलणंच टाकायची.

त्यात ही सिनेमावाली मंडळी आली. खुनाचा सिनेमा. खाडीत पोराचं प्रेत सापडतं आणि इन्स्पेक्टर खुनी हुडकतो. आईचं काम करणारी मुंबईची बाई आयत्या वेळी आलीच नाय. डायरेक्टर सगुणेला म्हणाला, "मावशी, एवढं रडून द्याल का?" मी म्हटलं, ही कसली रडते! पण ती तयार झाली. मला म्हणाली, "दुसऱ्याचा पोर हाय गो. त्याला रडायला काय होतंय?"

बांधावर ओल्या केसांचा पोरगा निजवला होता. सगुणा त्याच्या उशाशी बसली, केसांतला चिखल बोटांनी काढला, आणि जी ओरडली! सिनेमात त्याचं नाव शिवा होतं. हिच्या तोंडून निघालं, "जनू! माझ्या जनू रं!" मग थांबेचना. त्याला आवडणारी जवळ्याची चटणी, वडखळच्या बाजारात तो हरवला होता ते, सगळं सांगून रडली. कॅमेरावाला डोळे पुसत होता. मीपण रडले, खोटं कशाला सांगू? वाटलं, सुटली एकदाची.

घरी आली आणि भिंतीला टेकून बसली. पाणीसुद्धा घेईना. "मी काय करून बसले गो रंभे?"

डायरेक्टरला ते रडणं एवढं आवडलं, की त्यानं साऱ्या सिनेमात त्या पोराचं नावच जनू करून टाकलं.

पेणच्या टॉकीजला सिनेमा लागला तसं सारं गाव गेलं. ती यायची नाय म्हणत होती, मग आपणहून आली. इन्स्पेक्टर जितक्यांदा म्हणे "जनूचा खून", तितक्यांदा ती माझा हात आवळायची. मग तिचं रडणं आलं. बायका पदरात हुंदके देत होत्या. आणि ही ताडकन उठली.

"गप बस! गप बस गो बाय! रडू नको त्याला, तो यायचा हाय!"

"ए म्हातारे, खाली बस! दिसत नाय!" मागून कुणीतरी खेकसलं. ही तीच बाई, हे त्या मेल्याला ओळखता आलं नाय. मी तिला ओढून बसवलं. पडद्यावरची सगुणा रडतच राहिली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "रंभे, उद्यापण मी अशीच रडणार तिथं?"

"व्हय."

"परवापण?"

"सिनेमा हाय तोवर रोज तीन खेळ, बाय."

"मग तो येल कसा गो?"

आजवर मी तिच्याशी खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी तिचा हात धरला आणि म्हटलं, "शुक्रवारी सिनेमा उतरतोय. मग येल."

तिनं मान डोलावली. डोळे पुसले आणि पहिल्यांदाच जरा हसली.

शुक्रवारपासून तोच सिनेमा रोह्याला लागणार होता. मी सांगितलं नाय.