पेद्रूचं जाळं

लढाईमुळे सिमेंट मिळेना, म्हणून डोंगरीच्या फ्लोरिनने मातीचंच घर बांधायला काढलं. नवरा पेद्रू गेल्यापासून ती भावाच्या पडवीत राहत होती. भिंती उभारायला धाकटा दीर अल्फान्सो आपणहून आला आणि नेमकं तेच तिला खटकलं. पेद्रूच्या आजारपणात हा एकदाही फिरकला नव्हता.

तशात पडवीच्या आढ्याला टांगलेलं पेद्रूचं जाळं नाहीसं झालं. सुताला तेव्हा सोन्याचा भाव होता. माती तुडवता तुडवता फ्लोरिन दिराच्या हातांवर नजर ठेवू लागली. तो बाजाराकडे निघाला की ती त्याची पिशवी न्याहाळायची.

एका दुपारी ओल्या भिंतीचा कोपरा ढासळला. तिने ढेकूळ उचललं, तर आत तपकिरी धागे आणि पेद्रूच्या हातच्या गाठी.

"हे काय केलंस?"

अल्फान्सोने मान खाली घातली. "मातीत पेंढा घातला तर त्याला वाळवी लागते, वैनी. जाळं झाडाच्या सालीच्या रंगात मुरलेलं हाय, त्याला न्हाय लागत. मासळीच्या कामाचं ते राहिलंच नव्हतं."

"मग मला विचारलं का न्हाय?"

"तू न्हाय म्हणाली असतीस."

ती खरंच नाही म्हणाली असती. चोरीचा संशय फिटला, तरी राग काही उतरेना.

"उरलेलं आण हितं," ती म्हणाली.

त्याने आणून दिलेलं जाळं तिने मांडीवर घेतलं, बराच वेळ चाचपलं आणि कोयता मागून स्वतःच कापायला बसली. अल्फान्सो ते तुकडे मातीत तुडवू लागला.