तिसरीचं कुंकू

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या छोट्याशा म्युझियममध्ये सुनेत्राबाई गेल्या त्या स्वतःला बघायला. पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या अर्नेस्टीनने त्यांचं चित्र काढलं होतं. ते कुठल्याशा तळघरात सापडल्याचं पेपरात आलं होतं. अर्नेस्टीन अमेरिकन सैनिकाची बायको. काळी, त्यातून बाई, त्यातून घरकाम आटपून रंगवणारी. तेव्हा तिचं एकही चित्र कुणी घेतलं नाही. आता ती वारली होती, आणि तिला मोठी चित्रकार ठरवायचं काम जोरात सुरू होतं.

चित्र दुरुस्तीच्या टेबलावर आडवं होतं. चेहरा हिरवा, एक हात दुसऱ्याहून वीतभर लांब, खुर्ची पेटल्यासारखी. चित्र नवं होतं तेव्हा सुनेत्राबाईंचे यजमान शरदचंद्र त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यातून आले, चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "साडी छान आलीय."

"अगंबाई, ही मीच की!" सुनेत्राबाई आता टेबलापाशी म्हणाल्या.

"आई, हळू. लोक बघतायत," मुलगा प्रसन्न म्हणाला.

"बघू देत. बघायलाच आलेत ना?"

तेवढ्यात दुरुस्ती करणाऱ्या फ्राउ लिंडनरने काडीला गुंडाळलेला ओला कापूस चित्रातल्या कपाळाकडे नेला. जमलेल्यांना तिने समजावलं, "हा लाल डाग तेलरंगाचा नाही. नंतर कुणीतरी लावलाय. आज काढून टाकू."

"थांब गं बाई!" सुनेत्राबाई मराठीतच ओरडल्या. मग बाजारहाटात कमावलेल्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "तो डाग नाही, कुंकू आहे. अर्नेस्टीननेच लावलंय."

"तुम्ही होतात तिथे?"

"माझ्याच कपाळावर आहे ते."

फ्राउ लिंडनरने हिरवा चेहरा पाहिला, मग सुनेत्राबाईंचा. साम्य शोधायचा तिने प्रामाणिक प्रयत्न केला.

"आईला गोष्टी वाढवून सांगायची सवय आहे," प्रसन्न तिला म्हणाला.

"तू पाळण्यात होतास. गप्प बस."

मग त्यांनी सांगितलं. संक्रांतीचं हळदीकुंकू. गावात दुसरी मराठी बाई नाही, म्हणून बोलावणं एकट्या अर्नेस्टीनला. ती चित्र दाखवायला म्हणून ओलं कॅनव्हासच घेऊन खाली आली. सुनेत्राबाईंनी तिला हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला. तिने परत यांना लावलं. वर म्हणाली, "आलेल्या प्रत्येक बाईला लावायचं ना? मग आपण तिघी आहोत." आणि कोयरीत बोट बुडवून तिने चित्रातलीलाही लावलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राउ लिंडनर म्हणाली, पण कापूस काही खाली ठेवला नाही. "गोष्ट सुंदर आहे. मला पुरावा हवा."

सुनेत्राबाईंनी क्षणभर विचार केला. "हळद आधी लावतात. कुंकवाखाली बघा. उघड्यावरची उडाली असेल, खालची नाही."

फ्राउ लिंडनरने भिंग डोळ्याला लावलं. प्रसन्नने दोनदा घड्याळ पाहिलं.

"पिवळं आहे," ती शेवटी म्हणाली. "आणि दोन्ही ओल्या रंगात रुतलीयत. बोटाच्या रेषासुद्धा आहेत."

"अर्नेस्टीनच्याच. हात धुवायचा तिला भारी कंटाळा."

कापूस बशीत गेला. फ्राउ लिंडनर सुनेत्राबाईंच्या कपाळाकडे बघत राहिली. "तुम्ही आता लावत नाही?"

"हे गेले तेव्हा मी सोडलं." त्यांनी टेबलाकडे बोट केलं. "हिने नाही सोडलं. राहू दे तिला."

पुढच्या महिन्यात चित्र भिंतीवर लागलं. प्रसन्नने खालची पाटी मोठ्याने वाचली: तेलरंग, हळद, कुंकू. त्याखाली: बसलेली स्त्री, ओळख अज्ञात.

"आई, हे काय? ऑफिसात जाऊन तुझं नाव सांगतो."

"नको. अर्नेस्टीनचं नाव लागायला पन्नास वर्षं गेली. माझं एवढ्यात लागलं तर बरं नाही दिसणार." त्या पाटीच्या आणखी जवळ गेल्या. "बघ, हळद आधी लिहिलीय. ऐकलं हो त्या लिंडनरबाईने."