माझ्या पाठीवरचा राडारोडा

मी एक जुना बांध आहे. नदीवरचं मोठं धरण नव्हे आणि दोन शेतांमधला चिमुकला बांधही नव्हे. भिवंडीच्या खाडीकाठचा, चिखलाचा, लांबलचक बांध. माझ्या एका अंगाला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. खारं पाणी शेतात शिरू द्यायचं नाही, हे माझं काम. आणि माझ्या पाठीवरून माणसं सायकलने जातात, हे माझं भाग्य. भाग्य होतं, असं म्हणायला हवं.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्याने ती शांतपणे सांगावी, अशी रीत आहे. माझ्याकडून ते होणार नाही, आधीच सांगून ठेवतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, भले मला तळपाय नसोत.

मला कुणी साहेबाने बांधलं नाही. पूर्णा गावाच्या अलीकडच्या आमच्या गावातल्या बायका-पुरुषांनी ओहोटीला खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, उतरून चिखलाचे गोळे कापले, हातोहात वर दिले, पायांनी तुडवले आणि फळीने चोपले. चिखल चिखलाला घट्ट धरतो. उन्हात वाळला की त्याच्यातून पाण्याचा थेंब जात नाही. एवढंच माझं शास्त्र.

पण खाडीकाठचे खेकडे काही गप्प बसत नाहीत. ते पोखरतात, लाटा खरवडतात. म्हणून गावाने एक रीत पाडली होती. भात झोडून झालं की गावकी एक दिवस ठरवायची. तो बांधाचा दिवस. त्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस फावडं-घमेलं घेऊन माझ्याकडे यायचा. ज्या घराला माणूस देता आला नाही, त्या घराने सगळ्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण आणायचं. बिळं बुजायची, खड्डे भरायचे, थट्टामस्करी चालायची, आणि संध्याकाळी मी नव्या नवरदेवासारखा चकाचक व्हायचो.

मग सायकली आल्या. भिवंडीच्या कापडाच्या लूमवर ड्युटीला जाणारे कितीतरी जण माझ्यावरून जायचे. चाकांनी घासून घासून माझ्या पाठीवर मधोमध एक पट्टा असा गुळगुळीत झाला होता, की पाणी ओतलं तर घरंगळावं. उत्तरेकडून आलेला एक कारागीर नेहमी म्हणायचा, "हायवे पे तो जान हथेली पे लेके चलो. इस बांध पे तो मैं आँख मूँद के चला लूँ!" एकदा त्याने खरोखरच डोळे मिटले आणि डब्यासकट भाताच्या खाचरात गेला. शेतात लावणी करणाऱ्या बायका हसून हसून बेजार झाल्या. तो बिचाराही चिखलात बसून हसला. काय ते दिवस होते!

दोन हजार साल उलटलं आणि गोदामं आली. वळ म्हणू नका, पूर्णा म्हणू नका, जिकडे बघावं तिकडे पत्र्याची लांबच लांब छपरं. खाचरं विकली गेली. भाडं घरबसल्या येऊ लागलं. जमीनच गेली, तर बांध कशाला हवा? बांधाच्या दिवशी पहिल्या वर्षी निम्मी घरं आली. पुढच्या वर्षी म्हातारी माणसं तेवढी आली. त्यानंतर तो दिवस कुणी ठरवलाच नाही. ज्यांच्या आजोबांनी मला खांद्यावर उचललं, ती मंडळी माझ्यावरून जाताना नाक मुरडू लागली.

पण सगळ्यांनाच भाडं येत नव्हतं. माझ्या पार टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी आदिवासींचा पाडा आहे. तिथला जिव्या रोजंदारीवर जातो. त्याची मुलगी सखी. पाड्यातून पूर्ण्याच्या शाळेत जाणारी ती पहिलीच मुलगी. लूममधून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याने आपली जुनी सायकल तिला दिली. उंच दांड्याची, पुरुषी सायकल. ती दांड्याखालून पाय घालून, वाकडीतिकडी होत माझ्यावर चालवायला शिकली. किती वेळा पडली! पण तेव्हा माझी पाठ मऊ होती, म्हणून कधी खरचटलंही नाही.

जिव्याने शाळेला एकाच अटीवर होकार दिला होता. हायवेवर कंटेनरखाली सायकलवाला गेलेला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. "बांधावरनं जातेस तर जा," तो म्हणाला होता. "हायवेला चाक लागलं, तर शाळा बंद. मना पोर पायजे, दहावी नको." म्हणजे बघा, मित्रांनो. एका मुलीची अख्खी शाळा माझ्या पाठीवर होती.

आणि नेमकं तेव्हाच गावाला शहाणपण सुचलं.

उन्हाळ्यात देवळाच्या ओसरीवर बैठक बसली. बांध खचतोय, उधाणाचं पाणी येईल, काय करायचं? बांधाला लागून अजून एकाच घराची शेती उरली होती, दौलतदादांची. त्यामुळे खरी काळजी त्यांनाच. त्यांचा पुतण्या भावेश. जमिनीच्या पैशातून डंपर घेतलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, बोलायला फर्डा. तो म्हणाला, "काका, घमेली कशाला उचलायची? जुन्या गोदामांचं पाडकाम चाललंय. त्यांना राडारोडा टाकायला जागा न्हाय. आपन म्हनलं तर आनून टाकतील. बांध एकदम पक्का."

"आनि खर्च?" कुणीतरी विचारलं.

"खर्च कसला? फुकट!"

झालं! फुकट म्हटल्यावर सगळ्यांच्या माना एकदम डोलल्या. दौलतदादाही म्हणाले, "घ्या मंग. कोन येतोय हल्ली चिखलात?" अरे, चिखलाच्या बांधाला दगडविटा घालतात का कुणी? पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवलेल्या माणसांनी असं म्हणावं! मला बोलता आलं असतं, तर त्या ओसरीवरच्या एकेकाला मी नावानिशी हाक मारून विचारलं असतं.

भावेशचा डंपर आला. पहिल्याच खेपेला त्याच्या वजनाने माझी कंबर खचली. मग माझ्या पाठीवर काय काय ओतलं म्हणून सांगू! विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, खिडक्यांच्या काचा, खोक्यांना बांधायच्या धारदार लोखंडी पट्ट्या, खिळे लागलेल्या फळ्या. ज्या पट्ट्यावरून सायकल लोण्यावरून सुरी फिरावी तशी जायची, तिथे बकरीसुद्धा पाय टाकीना. आणि वर हे लोक म्हणतात, रस्ता पक्का झाला! कुणासाठी पक्का झाला? गावातल्या एकाने तरी त्यावरून सायकल नेऊन पाहिली का?

लूमवाल्यांनी चार दिवस ट्यूब जोडून पाहिल्या. मग ते मुकाट्याने हायवेने जाऊ लागले. तो डोळे मिटणारा कारागीरही गेला. हायवेवर तरी तो डोळे उघडे ठेवतो ना, कुणास ठाऊक.

सखीला मात्र हायवे बंद. ती माझ्यावरूनच जायची. सायकलवर बसायची, उतरायची, ढकलायची, पुन्हा बसायची. शाळा भरून गेल्यावर पोचायची. आता ती दहावीत होती. एका सकाळी उशीर होऊ नये म्हणून तिने उतरायचं टाळलं. पुढचं चाक लोखंडी पट्टीत अडकलं आणि पोर तोंडावर आपटली. हनुवटी फाटली. रक्ताने भिजलेली ओढणी तोंडाला लावून ती तशीच परत पाड्यावर गेली. सरकारी दवाखान्यात टाके पडले.

गावात ही बातमी गेली नाही असं नाही. दौलतदादांच्या घरी त्यांच्या पत्नी कमळावहिनींनी सांगितलीसुद्धा. "जिव्याची पोर पडली बांधावर. लई लागलंय म्हनतात." दौलतदादा जेवत होते. "बगून चालवायला काय होतं?" एवढंच म्हणाले आणि त्यांनी भात मागितला.

जिव्याने सायकल कुडाला टेकवून ठेवली. "बस झालं," तो म्हणाला. "उद्यापासनं माझ्याबरोबर कामाला." टाके पडलेल्या हनुवटीने रडतासुद्धा येत नाही नीट.

भाद्रपदातल्या अमावस्येला उधाण आलं. मी जीव एकवटून उभा राहिलो, खरंच सांगतो. पण दगडविटांच्या फटीफटींतून पाणी घुसलं. चिखल असता तर मी त्याला अडवलं असतं. राडारोडा पाण्याला वाट करून देतो. पाझराची धार झाली, धारेचा ओहोळ झाला आणि मला भलीमोठी खांड पडली, भगदाडच. खारं पाणी दौलतदादांच्या पोटरीला आलेल्या भातात घुसलं.

सकाळी ओहोटी लागली तेव्हा दौलतदादा धावत आले. गावात फोन फिरवले. कुणाचा पाय दुखत होता, कुणी कल्याणला होता, कुणी "माणूस पाठवतो" म्हणाला आणि पाठवला नाही. शेवटी ते पाड्यावर गेले आणि जिव्यासह काही जणांना रोजावर घेऊन आले. सखीही आली. फावडी आणि घमेली तिच्या सायकलला बांधलेली होती आणि ती सायकल ढकलत होती. शाळेचं दप्तर जिथे असायचं, तिथे आता घमेलं होतं.

तेवढ्यात मागून भावेशचा डंपर आला. भरलेला! खांड बुजवायला पुन्हा तोच राडारोडा.

"ए सखे, सायकल घे बाजूला!" भावेश खिडकीतून ओरडला. "गाडी मागं लावायची हाय."

सखीने घमेली सोडून खाली ठेवली आणि सायकल माझ्या पाठीवर आडवी उभी केली. "भावेशदादा, खाली उतर."

"कशाला?"

"ही सायकल घे आनि तू टाकलेल्या दगडांवरनं चालवून दाखव. त्या तिवराच्या झाडापर्यंत. गेलास तर टाक तुजा भराव, मी परत तोंड उघडायची न्हाय. न्हाय गेलास, तर हा डंपर भरलेला मागं न्यायचा."

जिव्या घाबरला. "पोरी, गप. शेट हायेत हितं." दौलतदादा कमरेएवढ्या चिखलात उभे होते.

भावेश मोठ्याने हसला. "एवढंच? शालंत असताना ह्याच बांधावरनं मी हात सोडून चालवायचो!" हे मात्र खरं होतं. चालवायचा तो. तेव्हा मी तसा होतो.

त्याने चष्मा वर सरकवला, टांग मारली आणि ऐटीत निघाला. तिवराचं झाड दूर राहिलं. फुटक्या लादीवर चाक घसरलं, हँडल फिरलं आणि तो दोन्ही पंज्यांवर आपटला. उजव्या तळव्यात काच रुतली. रक्ताची धार लागली. कुणी हसलं नाही. सखीसुद्धा हसली नाही. तिने आपली सायकल उचलून आधी टायर तपासला.

दौलतदादा चिखलातून वर आले. पुतण्याचा हात हातात घेतला, बघत राहिले. मग म्हणाले, "डंपर मागं ने."

"काका, पन खांड..."

"मागं ने म्हनतो ना! ह्या पोरीचं रगत सांडलं तवा मी जेवत बसलो व्हतो. तुजं सांडलं तवा मना दिसलं. लाज वाटते रे मना."

मला आनंद झाला असेल, असं वाटतं तुम्हाला? मला संतापच आला. लाज वाटली, हे बरं झालं. पण त्यासाठी आपल्या घरचं रक्त का पाहावं लागतं? सखीची हनुवटी काय लाकडाची होती?

असो. डंपर मागे गेला. पाड्यावरच्या माणसांनी, दौलतदादांनी आणि हाताला फडकं बांधलेल्या भावेशने खांडीच्या दोन्ही बाजूंचा राडारोडा उपसला. खाजणातला चिखल कापून भरला, तुडवला, चोपला. दुपारी कमळावहिनी भाकऱ्या घेऊन आल्या आणि त्यांनी सगळ्यांना एकाच पंगतीत बसवलं. जिव्या जेवता जेवता म्हणाला, "शेट, एवढ्या तुकड्यानं काय व्हनार? पोरीला पुरा बांध लागतो शालंला." दौलतदादांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की भात झोडून झालं की बांधाचा दिवस पुन्हा धरायचा आणि पौष संपायच्या आत सगळा बांध साफ करायचा. त्या शब्दावर जिव्याने सखीला पुन्हा शाळेत धाडलं. तोवर काचा पडलेल्या भागात सायकलवर बसायचं नाही, चालत ढकलायची, ही नवी अट.

मित्रांनो, आता पौष निम्मा झाला आहे. दौलतदादांचं वाचलेलं भात केव्हाच झोडून झालं. ते रोज कुणा ना कुणाच्या दारात जाऊन बसतात. एक म्हणतो, लग्न आहे. एक म्हणतो, आमची जमीनच नाही तिकडे, आमचा काय संबंध? ज्याने आपल्या गोदामाला दोन वॉचमन ठेवले आहेत, त्याच्याकडे माझ्यासाठी एक माणूस नाही. भावेश मात्र सुट्टीच्या दिवशी एकटाच येतो आणि पोत्यात काचा गोळा करून नेतो. एकट्याने असं किती होणार?

मला डांबर नको, सिमेंट नको. वर्षातून एक दिवस, घरटी दोन हात, एवढं मागतो आहे. तुमच्या गावाजवळ असा बांध असेल, पाटाकाठची वाट असेल, तर आज घरी गेल्यावर मोठ्यांना विचारा, बांधाचा दिवस कधी आहे? ते विषय बदलतील. तुम्ही पुन्हा विचारा.

रोज सकाळी सखी पाड्याकडून सायकल ढकलत येते. नव्या चिखलाचा तुकडा लागला की टांग मारून बसते आणि तेवढ्यापुरती वाऱ्यासारखी सुटते. तुकडा संपतो, ती उतरते, पुन्हा ढकलू लागते. रोज पहिला तास बुडतो. पहिला तास गणिताचा असतो आणि तिची परीक्षा मार्चमध्ये आहे.