ईटकरचा दुसरा अल्बम

शिवराज ईटकरचा पहिला अल्बम ‘ढेकळं’ आला तेव्हा दीपाली धाराशिवच्या एका अभ्यासिकेत तलाठी भरतीची तयारी करत होती. दुसऱ्यांदा यादीत नाव आलं नाही, त्या दिवशी ती गाणी कानात घालून ती स्टेशनपर्यंत चालत गेली होती. ईट गावच्या मेंढपाळाचा हा पोरगा भराभर, ओरडून, शिव्या घालत रॅप करायचा. साहेब, पुढारी, कुणालाच सोडायचा नाही. तिला जे तोंडावर बोलता येत नव्हतं ते तो बोलायचा. पुढं ती भूम तालुक्यात तलाठी झाली आणि बालाजी नावाच्या मित्राबरोबर शिवराजच्या चाहत्यांचं पेज चालवू लागली.

यंदा दुसरा अल्बम आला, ‘वाघूर’. रानात मेंढ्या बसवल्या की भोवती जाळं लावतात, ते वाघूर. संथ ठेका, शिवी एकही नाही, शिवराज जवळजवळ बोलल्यासारखा म्हणतोय.

पेजवर शिमगा सुरू झाला. ‘भाऊ, झोप आली.’ ‘मुंबईला जाऊन विकला गेला.’ ‘कीर्तनकार झालास का?’ बालाजीनं हे शेवटचं वाक्य शिवराजच्या फोटोवर टाकून पोस्ट केलं. दीपालीनं अडवलं नाही. तिलाही फसवल्यासारखं वाटत होतं.

त्याच महिन्यात परंड्याला त्याचा कार्यक्रम झाला. दोघं मोटारसायकलवर गेले. तिसऱ्या गाण्याला बालाजी उठून जुन्या शीर्षकगीतासाठी ओरडला, “ढेकळं!” मग सगळा मांडवच ओरडायला लागला. शिवराज थांबला. “आज ते न्हाय जमायचं,” एवढंच म्हणाला आणि नवीन गाणं सुरू केलं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

कार्यक्रमानंतर दीपाली एकटीच मांडवामागं गेली. शिवराज वडिलांशेजारी चहा पीत होता.

“मला अल्बम आवडला नाही,” ती म्हणाली.

“तोंडावर बोललात, बरं वाटलं.”

“पहिला राग खोटा होता का?”

“खरा होता, ताई. म्हणून तर आता खोटा करून म्हणवंना. गेल्या साली कळंबला म्हटलं ते गाणं. लोक नाचत होते आन् मी मनात म्हणतोय, जेवायला काय असंल? लई लाज वाटली मला.”

वडील, धुळाप्पा, हसून म्हणाले, “मला तर हे नवं गाणंबी लई भराभर पळतंय बघा.”

परतताना बालाजीनं विचारलं, “काय म्हणला?” तिनं सांगितलं.

“त्याचं ठीक आहे. आपण काय ऐकायचं मग?”

“जुनं कुठं पळून गेलंय?”

बोलली खरी, पण तिनं स्वतः ‘ढेकळं’ वर्षभरात एकदाही पूर्ण ऐकलं नव्हतं. आता सातबाऱ्यासाठी लोक तिच्या दारात ताटकळत आणि कधी तिच्याच नावानं बोटं मोडत. तिचा राग कधीच निवला होता. शिवराज मात्र तिच्या वतीनं चिडलेलाच राहावा, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बालाजीची ती कीर्तनकाराची पोस्ट काढून टाकली आणि लिहिलं, ‘अल्बम मला फारसा आवडला नाही. पण माणूस आत्ता जसा आहे तसाच गातोय.’ बालाजी रुसून पेजवरून बाहेर पडला. त्याच्यामागं बरेच गेले.

दीपालीनं ‘वाघूर’ पुन्हा ऐकला. दोन गाणी आवडली. बाकीची अजून नाही.