थकलेलं लोखंड

कान्हे गावच्या झुंबरबाईचा गहू चिकात आला होता आणि नेमका तेव्हाच नदीवरच्या पंपाचा लोखंडी पाइप पुन्हा चिरला. गेणू वेल्डरनं हात टेकले. "मावशी, मी हितं जोडतो, तर ते शेजारी फुटतंय." हे एक पाणी चुकलं असतं तर दाणा भरला नसता, आणि घरची वर्षाची भाकरी त्या दाण्यावरच होती.

शेवटी पिंपरीच्या कारखान्यात कामाला असलेला तिचा भाचा अंबाजी आला. त्यानं पिशवीतून काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड काढलं आणि डिंकासारख्या घट्ट चिकाचा डबा. तिचा धाकटा दीर महिपती खो-खो हसला. त्याला कामापेक्षा हसणं कधीही सोपं. "जितं लोखंड हरलं, तितं ह्यो चिंध्या बांधतोय!"

अंबाजीनं आधी भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली.

"आरं, फुटल्याला आनिक भोक पाडतूस?" झुंबरबाई ओरडलीच.

"भेग टोकातनं पुढं धावती, मावशी. गोल भोकाशी आली की अडती."

"पन येवढं लोखंड फुटतं तरी कशानं?"

"पंपासंगं रोज थरथरून. थकतंय ते."

लोखंड थकतं! झुंबरबाईनं हळूच पाइपावर हात ठेवला. नवरा गेल्यापासून ती थकते का, हे कुणी विचारलं नव्हतं.

पाइप घासून लख्ख झाला. अंबाजीनं वाटीतल्या चिकात तो कडक करणारं दुसरं औषध कालवलं आणि ती वाटी तिच्या हाती दिली. चूल नाही, विस्तव नाही, आणि वाटी आपसूक तापायला लागली! "अगं बाई!" म्हणत तिनं ती खाली ठेवली. पाइपावर कापड, चीक, पुन्हा कापड चढत गेलं. जुनं सूप ती मेथीच्या लगद्यानं आणि कापडानं असंच लिंपायची.

रात्रभरात ती पट्टी वाळून टणक झाली. सकाळी महिपती नारळ घेऊन हजर. जिथं काम, तिथंच नारळ, म्हणून त्यानं तो थेट पट्टीवरच हाणला.

"आबा, थांबा!" अंबाजी किंचाळला.

नारळाची दोन शकलं झाली. पट्टीला ओरखडाही नव्हता. पंप सुरू झाला, पाइप थरथरला, पण एक थेंब बाहेर आला नाही. महिपतीचा वासलेला आ मिटेना.

"भावजी, पाइपाखाली दगडांचा टेकू द्या," झुंबरबाई म्हणाली. "लोखंड झालं म्हनून त्येनं किती सोसायचं?"

महिपतीनं गुमान दगड रचले. मग तिच्या हातातलं फावडं घेतलं.

"वैनी, तुमी बसा. पान्याची दारं मी धरतो."

झुंबरबाई बांधावर बसली आणि गव्हात शिरणारं पाणी डोळे भरून बघत राहिली.