देवीच्या कमरेची पट्टी

"खिळे ठोकू नका," सोनूबाई म्हणाली आणि पेटीच्या कडेवर हात ठेवून उभी राहिली.

परतूर स्टेशनच्या मालधक्क्यावर सुताराची हातोडी तशीच वर थांबली. पेटीत गवतावर आष्टीची देवी आडवी होती. तीन वर्षांपूर्वी सोनूबाईच्या शेतात विहीर खणताना ती निघाली, तेव्हापासून तिची आंघोळ-पूजा सोनूबाईच्याच घरी. आता निजाम सरकारचा हुकूम आला होता. देवी हैदराबादच्या अजायबखान्यात जायची. साऱ्या मुलखातले लोक तिथं जुन्या मूर्ती पाहायला येतात म्हणे. रडून-भेकून हुकूम फिरत नाही, हे सोनूबाईला ठाऊक होतं. पण एका गोष्टीवर ती अडून बसली होती.

"पावतीवर काय लिवलं, मास्तर?"

"परतूर," पार्सलबाबू गिरिधर म्हणाला. "माल जिथनं चढतो त्या स्टेशनाचं नाव पडतं. कायदाच हाय तसा."

"मंग तिथले लोक हिला परतूरची म्हणतील. माझ्या घरातनं गेली ती गेली, आता गावातनं बी जाईल."

"गाडी येऊन राह्यली, बाई. जल्दी करा."

सोनूबाईने वाद घातला नाही. अंगावरच्या नव्या हिरव्या लुगड्याचा पदर तिने दातात धरला, टर्रकन फाडला आणि ती पट्टी गिरिधरपुढे धरली. कापसाच्या गाठींवर नावं घालायचा काळा रंग आणि कुंचला तिथंच होता.

"आष्टी लिवा. उर्दूत बी लिवा, तिथं उर्दूच चालती."

गिरिधरने निमूट लिहिलं. तिने पट्टी देवीच्या कमरेला दोन गाठी मारून बांधली.

"आता ठोका," ती सुताराला म्हणाली.

दीड वर्षाने गिरिधर हैदराबादला जाऊन आला आणि मुद्दाम आष्टीला गेला. सोनूबाई त्याच विहिरीवर पाणी शेंदत होती.

"बघून आलो, बाई. मोठ्या दालनात उभी केलीया. खाली पाटी हाय, आष्टीची."

"बराबर वाचलं न्हवं?"

"बिलकुल. दोनदा वाचलं."

सोनूबाईचा जीव भांड्यात पडला. हवं होतं ते तिने मिळवलं होतं. दोराला हात घालता घालता तिने विचारलं, "आन् माझी पट्टी?"

"काढली. तिथं देवाला कापड ठेवत न्हाईत. मूर्ती लोकांना नीट दिसाया पायजे."

तिने भरलेला पोहरा वर ओढून घागरीत रिकामा केला.

"तिथं थंडी पडती का, मास्तर?"

"पडती थोडी."

त्याच हिरव्या लुगड्याचा आखूड पदर तिने खांद्यावर ओढून घेतला आणि पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.